तीन पावले भूमी आणि दिलेला शब्द

आज बलिप्रतिपदा. साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा म्हणून गणला गेलेला, परंतु गृहस्थाच्या मनात पूर्ण मुहूर्ताइतकाच मान असलेला हा दिवस. पहाटेचे अभ्यंगस्नान, दारातील रांगोळी, पत्नीने पतीस केलेले औक्षण, पेढीवर नव्या वहीच्या पहिल्या पानावर रेखलेले स्वस्तिक, अशा मंगल वातावरणात आजचा दिवस उजाडतो. याच दिवशी अनेक कुटुंबे नव्या वास्तूचा बयाणा देतात, कोणी सदनिकेच्या किल्ल्या हाती घेतात, तर कोणी आपली जागा विक्रीस वा भाड्याने काढण्याचा शुभारंभ करतात. मुहूर्ताच्या दिवशी वृत्तपत्रांची पाने घरांच्या जाहिरातींनी भरून जातात, यात म्हणूनच नवल नाही.

या दिवसाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रल्हादाचा नातू बळीराजा यज्ञमंडपात बसला असता वामनरूपी भगवान बटू होऊन आले आणि त्यांनी केवळ तीन पावले भूमी मागितली. गुरू शुक्राचार्यांनी सावध केले. हे दान दिसते तेवढे लहान नाही, असे त्यांनी स्पष्ट बजावले. तरीही बळीने उदक सोडले आणि दोन पावलांत पृथ्वी व स्वर्ग व्यापल्यावर तिसऱ्या पावलासाठी आपले मस्तक पुढे केले. भक्तीच्या अंगाने या कथेचे चिंतन नेहमीच होते. आज तिच्या दुसऱ्या अंगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ही कथा भूमीची आहे, मोजमापाची आहे आणि दिलेल्या शब्दाची आहे. भूमीचा व्यवहार ज्या तीन गोष्टींवर उभा राहतो किंवा कोसळतो, त्या याच होत.

पालघरच्या वाटेवर

हा विचार मनात घोळू लागतो तो पालघर स्थानकाबाहेर पडून शिरगाव-सातपाटीच्या रस्त्याला लागले की. वसईच्या मोहिमेत १७३९च्या सुमारास पोर्तुगिजांकडून मराठ्यांच्या हाती आलेला शिरगावचा किल्ला, पलीकडे समुद्र, पुढे सातपाटीच्या मासेमारी होड्या, दक्षिणेस माहीम-केळव्याच्या पानवेली आणि नारळी-पोफळीच्या वाड्या, असा हा निसर्गसंपन्न भाग. उत्तरेस बोईसर. तेथे तारापूरच्या अणुवीज केंद्राने १९६९ साली वीजनिर्मितीस प्रारंभ केला आणि पुढे औद्योगिक वसाहत वाढत गेली. तेव्हापासून नोकरीनिमित्त बाहेरगावाहून येणाऱ्यांना या परिसरात बिऱ्हाडाची गरज भासू लागली. २०१३ साली उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. यांतील प्रत्येक घटनेबरोबर येथील जमिनीच्या आणि घरांच्या जाहिरातींना नवे उधाण आले.

त्या जाहिरातींचा थाट काय वर्णावा! गुळगुळीत कागदावरील रंगीत चित्रे, कारंजी, तरणतलाव आणि अमुक ठिकाणाहून पाच मिनिटांच्या अंतरावर असल्याची ग्वाही. ज्या बंदराविषयी किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबांच्या मनात उद्याची चिंता दाटली आहे, त्याच बंदराचे नाव जाहिरातीत आमिष म्हणून झळकते. एवढा खर्च मोठ्या विकासकाला परवडतो. परंतु ज्याच्यापाशी एकच सदनिका आहे, त्या लहान माणसाने काय करावे?

समजा, एका निवृत्त शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून बोईसरला एक लहानशी सदनिका घेतली आहे. तिच्या भाड्यावर पतिपत्नींच्या औषधपाण्याचा खर्च चालावा, ही अपेक्षा. किंवा शिरगावातील एखाद्या कुटुंबाने वडिलोपार्जित घराच्या मागील दोन खोल्या भाड्याने देण्यासाठी नीटनेटक्या करून ठेवल्या आहेत. मासिक भाडे आठ हजार रुपये धरले, तर जागा तीन महिने रिकामी राहिल्यास चोवीस हजारांची हानी. शिवाय सदनिका असेल तर गृहनिर्माण संस्थेची वर्गणी चालूच. मोठी जाहिरात देण्याइतके पैसे नाहीत आणि न दिली तर गिऱ्हाईक येत नाही, अशी या माणसाची कोंडी होते. अशा वेळी मोठ्यांचे अनुकरण करून आपणही चार गोष्टी वाढवून सांगाव्यात, असा मोह होतो. नेमका तेथेच बळीराजाचा धडा आठवावा. लहान मालकाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ जाहिरात म्हणजे त्याचा खरा शब्द. ही केवळ नीतीची गोष्ट नव्हे, व्यवहाराचीही आहे.

पतीवर उभी राहिलेली घरे

मुंबईच्या गृहनिर्माणाचा इतिहास या विधानाची साक्ष देतो. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. देशातील आद्य सहकारी गृहनिर्माण संस्थांत तिची गणना होते. तिचे प्रवर्तक रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्याआधीच, १९०६ साली, आपल्या गुरूंच्या नावाने शामराव विठ्ठल सहकारी पेढी उभी करण्यात अग्रेसर होते. प्रथम पत निर्माण झाली आणि मग त्या पतीच्या आधारावर घरे उभी राहिली, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. मध्यम स्थितीतील कुटुंबांनी आपली पुंजी विश्वासाने एकत्र केली, कारण मागणारा माणूस त्यांच्या ओळखीचा होता आणि हिशोब उघडा होता.

आजच्या एकट्या-दुकट्या मालकाला संस्था उभारायची नाही. तरी मार्ग हाच आहे. आधी हिशोब उघडा करावा, मग ओळखीच्या वर्तुळातून बातमी पसरू द्यावी.

पहिली तयारी: कागदांची पिशवी

जागेची बातमी कोणालाही सांगण्यापूर्वी घरातील कपाट उघडावे. सदनिका असेल तर नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोनचा उतारा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र आणि मालमत्ता कराच्या व वीजदेयकाच्या पावत्या एका पिशवीत क्रमाने लावाव्यात. जमीन असेल तर सातबारा, आठ-अ, फेरफाराच्या नोंदी, मोजणीचा नकाशा आणि बिनशेती आदेश. यांच्या छायाप्रतींना शे-दीडशे रुपयांहून अधिक खर्च येत नाही. पण दारात आलेल्या अनोळखी माणसापुढे ही पिशवी ठेवली की त्याच्या मनातील निम्मी शंका तेथेच विरते. मूळ कागद मात्र हाती देऊ नयेत आणि आधार क्रमांकासारखा खाजगी तपशील झाकूनच प्रत द्यावी.

दुसरी तयारी मोजमापाची. वामनाच्या पावलाचे माप बळीला आधी ठाऊक नव्हते. आपल्या गिऱ्हाइकावर ती वेळ येऊ देऊ नये. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हे हिशोब आपल्याकडे सर्वश्रुत आहेत. घराच्या बाबतीत मात्र अनेक वर्षे निरनिराळ्या नावांची क्षेत्रफळे सांगून ग्राहकाला चक्रावून टाकले जात असे. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची, म्हणजे भिंतींच्या आतील प्रत्यक्ष वापराच्या जागेची, व्याख्या निश्चित केली. लहान मालकानेही चटई क्षेत्रच सांगावे. फीत धरून घरातील दोघांनी एका दुपारी मोजले, तर त्यास खर्च शून्य.

बातमी कशी पसरवावी

आता प्रत्यक्ष प्रसाराकडे वळू. पहिले साधन फलक. सज्जावर किंवा वाड्याच्या फाटकावर ठळक अक्षरांत लिहिलेला हातफलक आजही परिणामकारक ठरतो, कारण त्या भागात जागा शोधणारा माणूस त्या रस्त्यावरून पायी फिरतच असतो. इमारतीत फलक लावण्यापूर्वी संस्थेच्या चिटणीसांची अनुमती घ्यावी. सार्वजनिक भिंती, विजेचे खांब आणि स्थानकाचे जिने मात्र विद्रूप करू नयेत. मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे. शिवाय चोरून चिकटवलेल्या कागदावर विश्वास तरी कोण ठेवणार?

दुसरे साधन ओळखीचे. किराणा दुकानदार, दवाखान्यातील परिचारिका, शाळेतील शिक्षक, गृहनिर्माण संस्थेचा रखवालदार आणि सकाळच्या लोकलने नित्य प्रवास करणारे पासधारक यांच्या कानांवर गावातील प्रत्येक नव्या बिऱ्हाडाची बातमी सर्वांत आधी येते. औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात ओळखीचे कोणी असेल, तर व्यवस्थापनाच्या परवानगीने उपाहारगृहातील सूचनाफलकावर एक कागद लावता येतो. नव्याने रुजू झालेल्या कामगारास पहिल्या आठवड्यातच जागा हवी असते आणि तो नेमका तोच फलक वाचतो. अशा मध्यस्थांना रोकड देऊ करण्यापेक्षा व्यवहार झाल्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या घरी जावे. स्नेह टिकतो आणि पुढील वेळी तोच माणूस आपणहून निरोप आणतो.

तिसरे साधन वृत्तपत्रातील छोट्या जाहिराती. येथे शब्द मोजून घ्यावे लागतात, म्हणून विशेषणे गाळावीत आणि माहिती ठेवावी. चौथे साधन आजच्या काळाचे, म्हणजे घरोघरी पोहोचलेला भ्रमणध्वनी. आप्तेष्टांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप समूहांवर एकच नेटका मजकूर पाठवावा, तोच तो रोज पाठवून लोकांना त्रस्त करू नये. जागांची विनामूल्य नोंद करून घेणारी संकेतस्थळेही आहेत. छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, खिडक्या उघडून आणि खोली झाडून-पुसून घ्यावीत. पाच-सहा पुरेत. त्यांत स्वयंपाकघराचा ओटा आणि न्हाणीघर अवश्य असावे, कारण घरातील स्त्रिया जागा पसंत करताना प्रथम तेच पाहतात. भिंतीला ओल असेल, तर तीही छायाचित्रात दिसू द्यावी.

दोष आधी सांगावा

या शेवटच्या वाक्यावर काही वाचक थबकतील. स्वखर्चाने दिलेल्या जाहिरातीत स्वतःच्या जागेचा दोष कोण सांगेल? याचे उत्तर एका नमुन्यावरून देतो.

“बोईसर पूर्व. दुसरा मजला, उद्वाहन नाही. चटई क्षेत्र ३८० चौरस फूट. नळाचे पाणी सकाळी एक तास, साठवणीची टाकी आहे. स्थानक पायी २० मिनिटे. भोगवटा प्रमाणपत्र आहे. भाडे ८,००० रुपये, अनामत २५,०००. मालकाशी थेट व्यवहार. पाहण्याची वेळ रविवारी सकाळी ९ ते १२.”

ही जाहिरात वाचून ज्यास गुडघेदुखी आहे तो येणार नाही. ज्यास चोवीस तास पाणी हवे तोही येणार नाही. पण ते दोघे तसेही जिना चढून आल्यावर परत गेलेच असते. मालकाचा रविवार, त्यांचे गाडीभाडे आणि उभयतांची आशा व्यर्थ गेली असती. जो येईल तो मात्र दोन जिने आणि एक तास पाणी मान्य करूनच येईल. वीस माणसे येऊन एकही न ठरण्यापेक्षा चार येऊन एक ठरणे हे कमी खर्चाचे. शिवाय ज्याने दोष स्वतः सांगितला, त्याने सांगितलेल्या गुणांवरही विश्वास बसतो. हाच त्या खऱ्या शब्दाचा व्यवहारी लाभ.

आणि विक्रीच्या बाबतीत तर हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५५वे कलम विक्रेत्यावर असे बंधन घालते की, मालमत्तेतील किंवा तिच्या हक्कातील जो महत्त्वाचा दोष त्यास ठाऊक आहे आणि साध्या चौकशीने खरेदीदारास कळण्यासारखा नाही, तो त्याने उघड केला पाहिजे. भावाबहिणींचा अनिर्णित हिस्सा, चालू असलेला दावा, न फिटलेले कर्ज या गोष्टी झाकून केलेला सौदा पुढे न्यायालयाच्या पायऱ्या चढायला लावतो. तेव्हा जाहिरातीत वाचवलेले चार पैसे वकिलाच्या घरी जातात.

कायद्याच्या मर्यादा

पालघर परिसरात जागेची जाहिरात करताना आणखी काही गोष्टी ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरहून अधिक आहे आणि ज्यात आठांहून अधिक सदनिका आहेत, त्याची महारेराकडे नोंदणी झाल्याविना विकासकाला जाहिरातही करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून अशा जाहिरातींवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले आहे. तो भ्रमणध्वनीने टिपला की प्रकल्पाची माहिती समोर येते. जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर भरपाईची तरतूद त्याच कायद्यात आहे. स्वतःची एकच जुनी सदनिका विकणाऱ्या गृहस्थाला ही प्रकल्प-नोंदणी लागत नाही. परंतु ओळखीपाळखीने नोंदणीकृत प्रकल्पांतील सदनिका दलाली घेऊन विकून देण्याचा उद्योग आरंभला, तर मध्यस्थ म्हणून त्याने स्वतःची नोंदणी केली पाहिजे.

जमिनीच्या बाबतीत सावधगिरी अधिक हवी. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग आदिवासी बांधवांचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमानुसार आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीविना बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. शेतजमीन बिगरशेतकऱ्यास विकण्यावर कूळकायद्याच्या ६३व्या कलमाचे निर्बंध आहेत. समुद्रालगतच्या भूखंडांवर सागरी किनारा नियमनाची बंधने आहेत. शिरगावसारख्या किनारी गावात ‘समुद्राच्या लाटा अंगणात’ असे लिहिण्यापूर्वी त्या अंगणात बांधकामास अनुमती आहे काय, हे पाहावे. ‘प्रस्तावित’ स्थानक, रस्ता वा बंदर यांचा उल्लेख तर शक्यतो टाळावा. जे अजून झालेले नाही, ते आपल्या मालकीचे नाही. आणि जे आपले नाही, ते विकता येत नाही.

भाड्याच्या व्यवहारात शब्द आणि कागद दोन्ही हवेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या ५५व्या कलमानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. त्याची जबाबदारी मालकावर आहे. चूक झाल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. नोंदणीचा थोडासा खर्च वाचवण्यासाठी तोंडी व्यवहार करणारा मालक पुढे जागा परत मिळवताना हतबल होतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास कळवणेही विसरू नये.

दलालाविषयी दोन शब्द

या लेखाचा अर्थ दलाल नकोच, असा कोणी घेऊ नये. वृद्ध पतिपत्नी ठाण्याला आणि सदनिका बोईसरला, अशी स्थिती असेल तर किल्ली घेऊन जाणारा प्रामाणिक स्थानिक मध्यस्थ हा मोठा आधार असतो. एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली देऊन जागा दोन महिने आधी लागली, तर मालकाचा लाभच आहे. मात्र दलाली किती, कोणी व केव्हा द्यायची हे आरंभीच लिहून घ्यावे आणि आपल्या जागेविषयी त्याने काय सांगावे, तेही लेखी द्यावे. आपल्या वतीने उच्चारलेला शब्द शेवटी आपलाच असतो.

नव्या वहीचे पहिले पान

आज अनेक घरी नव्या वहीचे पूजन झाले असेल. त्या वहीत एक पान आपल्या जागेसाठी राखून ठेवावे. डावीकडे गुण, उजवीकडे दोष, खाली खरे माप आणि अपेक्षित किंमत. पुढे जो येईल त्याचे नाव, तारीख आणि नापसंतीचे कारण नोंदवावे. पाच जणांनी एकच कारण सांगितले, तर दोष जाहिरातीत नसून भाड्यात किंवा भिंतीत आहे, हे त्या पानावरूनच उमजेल. मग भाडे पाचशेने उतरवावे किंवा ओल दुरुस्त करावी. हजारो रुपयांच्या जाहिरातीने जे साधले नसते, ते एका पानाने साधते.

कथा अशी सांगते की, शब्द पाळणाऱ्या बळीला सुतल लोकीचे राज्य मिळाले आणि प्रत्यक्ष भगवान त्याच्या दारी द्वारपाल होऊन उभे राहिले. बळीचे राज्य येवो, अशी इच्छा आपण दरवर्षी याच दिवसांत व्यक्त करतो. ते राज्य कुठे दूर नाही. ज्या घराच्या दारावरील फलकात सांगितले तेवढेच आत सापडते, त्या घरापुरते ते आलेच, असे समजावे. असा फलक लावण्यास पैसा लागत नाही. सर्व वाचकांच्या वास्तूंत सुखसमाधान नांदो, रिकाम्या घरांत दिवे लागोत आणि नव्याने येणाऱ्या बिऱ्हाडांना खरे बोलणारे मालक लाभोत, हीच पाडव्याच्या मंगलदिनी प्रार्थना.